विमानाचा तोल कसा पाहतात?

बैलगाडीत पोती भरताना तुम्ही पाहिले असेल. सगळी पोती मागे रचली तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाते. सगळी पुढे रचली तर बैलांच्या मानेवर भार येतो. आमच्या कोरेगावच्या शेतकऱ्याला हा तोल नुसत्या नजरेने साधतो. घरी बांधलेल्या विमानाला मात्र नजर पुरत नाही. तेथे काटा आणि गणित लागते.

असे विमान आपल्याकडे खरोखरच तयार झाले. मूळचे सातारा जिल्ह्यातील वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर ते बांधले. २०१६ साली ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले होते. २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याच्या चाचण्या झाल्या.

नव्या विमानाचा गुरुत्वमध्य उड्डाणापूर्वीच काढतात. विमान समपातळीत उभे करून प्रत्येक चाकाखाली वजनकाटा ठेवतात. समजा, पुढच्या चाकावर २०० किलो आणि मागच्या दोन चाकांवर मिळून ८०० किलो वजन आले. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २ मीटर आहे. आता तरफेचा नियम लावा :

८०० × २ ÷ १००० = १.६

म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या चाकामागे १.६ मीटरवर आहे. आता पुढच्या चाकामागे ३ मीटरवर ५० किलो सामान ठेवा :

(१६०० + १५०) ÷ १०५० = १.६७

गुरुत्वमध्य सुमारे ७ सेंटिमीटर मागे सरकला! एवढ्याने काय बिघडते? तो ठरलेल्या मर्यादेमागे गेला, तर नाक आपोआप वर जाऊ लागते, वेग घटतो आणि पंख विमानाला उचलून धरेनासे होतात. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. अशा वेळी नाक खाली आणता आले नाही, तर वैमानिकाच्या जिवावर बेतते. उलट तो फार पुढे असला, तर उतरताना नाक पुरेसे वर उचलत नाही.

म्हणून चाचण्या पायरीपायरीने करतात. आधी विमान जमिनीवर हळू, मग वेगाने पळवून ब्रेक व सुकाणू तपासतात. त्यानंतर उड्डाण. स्टॉलची चाचणी भरपूर उंचीवरच घेतात, म्हणजे सावरायला अवधी मिळतो. विमान एका अंगाला कलत असेल, तर पंखाच्या हलत्या भागावरील लहानशी पट्टी किंचित वाकवून पुन्हा उडवून पाहतात. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत नोंदवायचा, हा नियम.

हे तुम्हीही करून पाहा. वारा नसलेल्या खोलीत कागदाचे विमान दहा वेळा उडवा. मग नाकाला कागदाची एक क्लिप लावून दहा वेळा, दोन लावून दहा वेळा. प्रत्येक वेळी ते किती लांब गेले, ते मोजून लिहा. प्रत्येक खेपेला विमान बोटावर तोलून गुरुत्वमध्याची खूणही करा. सर्वांत लांब उड्डाण कोणत्या खुणेला झाले?