ओलावा, उष्णता आणि वीज

तापलेले पातेले चुलीवरून उतरविताना फडके कोरडे असले तर हात पोळत नाही. तेच फडके ओले असले तर चटका तत्काळ बसतो. ही गोष्ट प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तिचे कारण नीट समजून घेतले, तर नवापूरसारख्या समुद्रकाठच्या गावी विजेच्या पंपाजवळ कोणती सावधगिरी बाळगावयाची हेही ध्यानात येईल.

ज्या पदार्थांतून उष्णता झपाट्याने जाते त्यांस सुवाहक आणि ज्यांतून ती मंदगतीने जाते त्यांस दुर्वाहक म्हणतात. तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड हे धातू सुवाहक होत. लाकूड, पेंढा, कापूस, लोकर हे दुर्वाहक. मात्र पेंढ्याचा हा गुण बव्हंशी काडीचा नसून काड्यांमध्ये कोंडून राहिलेल्या हवेचा आहे. स्थिर हवेच्या मानाने तांबे सुमारे १५,००० पट अधिक उष्णता वाहून नेते. भाताच्या पेंढ्याने शाकारलेले घर वैशाखात पत्र्याच्या घरापेक्षा सुसह्य वाटते ते यामुळेच. मासळीसाठी बर्फ ठेवण्याची थर्मोकोलची पेटी घ्या; त्या पांढऱ्या पदार्थाचा सुमारे ९८ टक्के भाग निव्वळ हवा असते.

आता फडके भिजले म्हणजे काय होते? धाग्यांमधील हवा निघून जाऊन तिची जागा पाणी घेते आणि पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २४ पट अधिक उष्णता वाहून नेते. बर्फावर घातलेला लाकडाचा भुसा भिजून चिंब झाला की निकामी ठरतो, तोही याच कारणाने.

धातूंत मोकळेपणी फिरणारे विद्युत्कण असतात. उष्णता आणि वीज या दोहोंचे वहन मुख्यतः तेच करीत असल्यामुळे उष्णतेचा उत्तम वाहक असलेला धातू विजेचाही उत्तम वाहक असतो. पाण्याची गोष्ट निराळी. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. तिला वाट करून देतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. विहिरीच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्राचे पाणी सामान्यतः शंभरपटीच्या आसपास अधिक वीजवाहक असते. शिवाय समुद्राच्या मिठातील काही क्षार हवेतील ओल स्वतःकडे ओढून घेतात. खाऱ्या वाऱ्याने मिठाचा पातळ लेप बसलेली लाकडी फळी, पावसाचा थेंबही न पडता, ओलसर होते ती अशी. डोळ्यांना ती कोरडीच दिसते, आणि यातच खरा धोका आहे.

तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातून १९६९ साली व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. तेथून निघणाऱ्या वाहिन्यांच्या मनोऱ्यांकडे पाहिल्यास तारा चिनी मातीच्या वा काचेच्या तबकड्यांच्या माळेस टांगलेल्या दिसतील. तबकड्यांच्या खालच्या अंगास वळ्या असतात. त्यांमुळे पृष्ठभागावरून जाणाऱ्या विजेची वाट लांबते व खालची बाजू पावसात काहीशी कोरडी राहते. तरीही किनाऱ्यालगत मिठाचा थर बसून पहाटेचे दव पडले की त्या थरावरून वीज सरपटू लागते व ठिणग्या उडतात. म्हणून अशा ठिकाणी तबकड्या धुवाव्या लागतात, किंवा त्यांवर पाणी न धरणाऱ्या सिलिकोनचा लेप द्यावा लागतो. इतक्या काळजीने बनविलेल्या वस्तूची ही स्थिती, तर पंपाच्या खोपीतील जुन्या फळीची काय कथा!

मनुष्याच्या कोरड्या त्वचेचा विद्युत्रोध कित्येक हजार ओहम असतो. भिजलेल्या शरीराचा तो १,००० ओहमपर्यंत उतरतो. अशा वेळी २३० व्होल्टच्या तारेस स्पर्श झाल्यास शरीरातून सुमारे २३० मिलिॲम्पियर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडण्यास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो. म्हणूनच ३० मिलिॲम्पियर गळती होताच वीज तोडणारी कळ बसवून घेणे हा खर्च नव्हे. भाताच्या चिखलातून अनवाणी येऊन ओल्या हाताने स्टार्टर दाबणे सर्वथा टाळावे. उघड्या सांध्यावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळण्याची प्रथाही घातक आहे, कारण पिशवी जरी दुर्वाहक असली तरी तिच्या आत खारी ओल साचून राहते. कपडे वाळविण्याची तार विजेच्या खांबास किंवा पत्र्याच्या छपरास कदापि बांधू नये.

कोणी तारेस चिकटल्यास प्रथम मुख्य कळ बंद करावी. ते शक्य नसेल तरच पूर्ण वाळलेल्या बांबूने तार दूर सारावी. हिरवा बांबू रसामुळे वीज वाहून नेतो. हे फक्त घरगुती दाबाच्या विजेबाबत लागू आहे. उच्च दाबाची तार तुटून पडली असल्यास जवळ जाऊच नये, इतरांस दूर ठेवावे आणि वीज कंपनीस कळवावे.

एका ठिकाणी मात्र ओल आणि मीठ आपणांस मुद्दाम हवे असतात, ते म्हणजे पंपाच्या अर्थिंगच्या खड्ड्यात. तेथे कोळसा ओल धरून ठेवतो आणि मीठ त्या ओलीस वाहक बनविते, त्यामुळे गळणारी वीज मनुष्याच्या अंगातून न जाता जमिनीत उतरते. उन्हाळ्यात या खड्ड्यात वरचेवर पाणी घालावे. मीठ नळीही खाते. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नळी व तिला जोडलेली तार गंजली आहे काय, हे परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी या तपासणीची नोंद गावातील प्रत्येक पंपापुढे ठेवावी.