खिडकीतले झाड

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना केव्हा ना केव्हा तापाने आठ-पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले असेल. अशा वेळी दिवस सरता सरत नाही. छताकडे पाहावे, भिंतीकडे पाहावे आणि पुन्हा छताकडे पाहावे, एवढाच काय तो उद्योग!

अमेरिकेतील रॉजर उल्रिच यांना लहानपणी मूत्रपिंडाचा विकार होता. त्यामुळे त्यांना पुष्कळ दिवस घरी पडून काढावे लागत. त्यांच्या खिडकीबाहेर पाइनचे एक मोठे झाड होते. त्या झाडाने आपल्या मनाला धीर दिला, असे ते पुढे सांगत. मोठेपणी ते भूगोलाचे अभ्यासक झाले. पण ते झाड त्यांच्या मनातून गेले नाही. झाड नुसते दिसल्याने रोग्याला खरोखर काही लाभ होतो काय, हे त्यांनी पडताळून पाहण्याचे ठरविले.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात त्यांना हवी तशी जागा सापडली. तेथील एका बाजूच्या काही खोल्यांतून पानांनी डवरलेली झाडे दिसत. तर काही खोल्यांतून दिसे ती केवळ विटांची तपकिरी भिंत. खोली रिकामी होईल तसा रोगी तीत ठेवला जाई. उल्रिच यांनी १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी काढविल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. कुस्तीच्या फडात तोलामोलाचेच मल्ल एकमेकांसमोर सोडतात ना? तशाच या जोड्या होत्या. दोघांचे वय जवळजवळ सारखे, दोघेही पुरुष किंवा दोघीही स्त्रिया, धूम्रपानाची सवय असली तर दोघांनाही. भेद एवढाच, की एकाच्या खिडकीत झाडे आणि दुसऱ्याच्या खिडकीत भिंत. हिवाळ्यात तेथील झाडांची पाने झडतात. म्हणून मे ते ऑक्टोबर या महिन्यांतीलच नोंदी घेतल्या. ज्या परिचारिकेने नोंदवह्यांतून माहिती उतरविली, तिला कोणत्या रोग्याला काय दिसत होते हे ठाऊक नव्हते.

१९८४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. झाडे पाहणारे रोगी शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, तर भिंत पाहणारे ८.७० दिवसांनी. पाऊण दिवसाचे ते काय कौतुक, असे कोणी म्हणेल. पण पोटाला टाके असताना ज्याने रात्र काढली आहे, तो तसे म्हणणार नाही. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत भिंतीकडील रोग्यांना वेदना शमविणाऱ्या तीव्र औषधांच्या सरासरी सुमारे अडीच मात्रा लागल्या. झाडांकडील रोग्यांना एकच पुरली. ‘रोगी रडत आहे’, ‘फार धीर द्यावा लागतो’ अशा अर्थाचे शेरेही भिंतीकडील रोग्यांविषयीच अधिक होते.

मात्र ती भिंत अगदीच ओकीबोकी होती. खिडकीतून गजबजलेला रस्ता दिसला असता तर काय झाले असते, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. उल्रिच यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहे.

झाड नुसते दिसल्याने एवढे घडते, मग झाडांच्या सहवासात राहणाऱ्यांचे काय? झाडांमुळे सावली मिळते. पाने हवेत बाष्प सोडतात, त्यामुळे भोवतालची हवा थंड होते. हवेतील काही धूळ पानांवर बसते. शिवाय सावलीच्या रस्त्याने माणसाला चालावेसे वाटते. पण येथे एक शंका निघते. हिरव्या वस्तीत बहुधा सुखवस्तू लोक राहतात. त्यांना अन्न चांगले मिळते, औषधपाणीही वेळेवर होते. मग त्यांच्या आरोग्याचे श्रेय झाडांना द्यावे की पैशाला?

या प्रश्नावर प्रकाश पडला तो एका किड्यामुळे! पूर्व आशियातून अमेरिकेत गेलेला एक हिरवा, चकाकणारा भुंगा २००२ साली डेट्रॉइट शहराजवळ आढळला. त्याच्या अळ्या अ‍ॅश नावाच्या वृक्षाची साल आतून पोखरतात आणि वृक्ष वाळून जातो. काही वर्षांत सुमारे दहा कोटी वृक्ष मेले. माणसे तीच, घरे तीच. रस्त्यांवरची सावली तेवढी गेली.

जेफ्री डोनोव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० ते २००७ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. लोकांचे उत्पन्न, शिक्षण इत्यादी गोष्टींचा फरक त्यांनी हिशेबात धरला. तरीही कीड पोहोचलेल्या १५ राज्यांच्या भागांत हृदय व रक्तवाहिन्यांचे आणि श्वसनाचे विकार यांमुळे सुमारे २१ हजार मृत्यू अधिक झाल्याचे २०१३ साली त्यांनी दाखविले. झाडे गेल्यामुळेच हे मृत्यू झाले, असे अशा हिशेबाने सिद्ध होत नाही. परंतु ज्या भागांत कीड गेली, त्याच भागांत आकडा वाढत गेला, हे खरे.

या अ‍ॅश वृक्षांची कथाही ऐकण्यासारखी आहे. पूर्वी तेथील रस्त्यांच्या दुतर्फा एल्म वृक्षांच्या रांगा असत. विसाव्या शतकात एका बुरशीने ते एल्म मारले, म्हणून अनेक ठिकाणी त्यांच्या जागी अ‍ॅश लावले गेले. पुन्हा एकाच जातीच्या रांगा! आता मात्र तेथील पुष्कळ नगरांत एकाच रस्त्यावर निरनिराळ्या जातींची रोपे लावतात.