कळफलकाचा आवाज आणि त्याचे शमन

मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ साली टंकलेखन यंत्रे बनविण्यास आरंभ केला. अशा यंत्राखाली नमद्याची जाड गादी घालीत. आघातांचे कंप मेजात उतरले, की मेजाची फळी तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे त्यांना मोठे करते. गादी ते वाटेतच शोषून घेते.

संगणकाच्या यांत्रिक कळफलकासही हाच नियम लागू पडतो. मात्र येथे कळ खाली जाताना आदळते, तशीच वर परततानाही आदळते. कळीच्या टोपीखाली रबराचे बारीक कडे बसविल्यास आघाताचा काळ लांबतो, जोर घटतो व खालचा आवाज मंदावतो. परतीच्या आवाजासाठी आतच रबर असलेली कळ लागते. रात्री शेजारी निजलेल्याची झोपमोड टाळावयाची असेल, तर आरंभ गादीपासून करावा. तिला खर्च सर्वांत थोडा.