गांडुळांची मोजणी : दरवर्षी, वाफशावर, त्याच जागी

जमिनीतील जैवविविधता म्हणजे मातीत नांदणारे जिवाणू, बुरशी, सूत्रकृमी, कोळी, वाणी, गोम, मुंग्या, वाळवी, गांडुळे अशा सर्व सजीवांमधील वैविध्य होय. 2015 साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये असे बारा घटक तपासले जातात. परंतु त्यांत एकही सजीव नाही, आणि सेंद्रिय कर्बाच्या आकड्यावरून या जीवांच्या अन्नसाठ्याचा अंदाज आला, तरी ते अन्न खाणारे कोण उरले आहेत हे त्यावरून कळत नाही. ही उणीव शेतकऱ्याला मातीतील जीव दरवर्षी मोजून स्वतःच्या वहीत भरून काढता येते. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत त्यासाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्य हा काळ सोयीचा ठरतो, कारण उन्हाळ्यात गांडुळे खोल जाऊन सुप्तावस्थेत, म्हणजे खाणे व हालचाल थांबवून राहतात आणि पुरेशी ओल मुरल्यावरच वरच्या थरात येतात.

पावसाने उघडीप देऊन वाफसा आल्यावर सकाळच्या वेळी शेताच्या कडेपासून दूर किमान तीन ठिकाणी 25 सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल खड्डा घ्यावा, निघालेली माती गोणपाटावर हाताने फोडावी आणि प्रत्येक प्रकारचे जीव वेगळे मोजावेत. खड्ड्यातील संख्येला 16 ने गुणले की एका चौरस मीटरचा आकडा मिळतो. चौथा खड्डा मात्र नांगर, खत व तणनाशक न पोचलेल्या बांधावर घ्यावा, आणि या साऱ्या खटाटोपात खरे मोल याच खड्ड्याला आहे. कारण पाऊस कमी झालेल्या वर्षी शेतात व बांधावर दोन्हीकडे संख्या घटते, पण बांधावरची संख्या टिकून शेतातली सतत घसरत गेली, तर कारण आभाळात न शोधता मशागतीत, फवारणीत किंवा सेंद्रिय खताच्या तुटवड्यात शोधावे लागते.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंचा अंदाज घेण्यासाठी, सोयाबीन असल्यास, पेरणीनंतर 40 ते 45 दिवसांनी काही झाडे मुळांसह अलगद उपटून गाठी कापून पाहाव्यात. आतून गुलाबी-लालसर असलेल्या गाठींमध्ये हवेतील नत्र स्थिर करणारे रायझोबियम गटातील जिवाणू कार्यरत असतात.

गांडुळे मोजताना एक सावधगिरी हवी: गांडूळखताच्या वाफ्यातील आयसेनिया फेटिडा ही जात कुजत्या सेंद्रिय पदार्थांत राहणारी असल्याने सहसा शेताच्या मातीत टिकत नाही, त्यामुळे खताबरोबर आलेल्या गांडुळांवरून जमीन सुधारल्याचे मानणे ही निव्वळ फसगत ठरते.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे गव्हावरील ब्रॉडबाक प्रयोग 1843 पासून चालू आहे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग 1970 पासून सुरू आहेत, ते मातीतील बदल संथ असतात आणि एका हंगामाच्या चढउतारात लपून जातात म्हणूनच. शेतकऱ्यानेही जागा, महिना, खड्ड्याचे माप आणि शक्यतो मोजणारी व्यक्ती बदलू नये, प्रत्येक नोंदीशेजारी आधीच्या महिन्याचा पाऊस, पीक व फवारणी लिहावी आणि निदान पाच वर्षांच्या नोंदी हाती आल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. पहिली नोंद यंदा रब्बीच्या मशागतीपूर्वी करावी आणि मोजून झालेली माती जीवांसह त्याच खड्ड्यात परत भरावी.