गाडीतली वीज ग्रिडला परत?

प्रश्न : उभ्या इलेक्ट्रिक गाडीतली वीज ग्रिडला परत देता येते म्हणतात. मग बॅटरी लवकर खराब होणार नाही का?

उत्तर : देता येते, आणि कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या विलेट केम्प्टन यांनी स्टीव्हन लेटेंड्र यांच्यासह ती १९९७ साली मांडली. डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला खेटलेल्या फ्रेडरिक्सबर्गच्या नागरी सेवा कंपनीने २०१६ मध्ये निसानच्या दहा विजेच्या व्हॅन दुहेरी चार्जरना जोडल्या. दिवसा कामावर, रात्री ग्रिडच्या दिमतीला!

ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्‌झच्या आसपास राखावी लागते. मागणी वाढून ती घसरली की गाड्या वीज देतात; चढली की घेतात.

आता बॅटरी. जितका वापर, तितकी झीज, हे खरंच. पण वारंवारता सांभाळताना देवघेव थोडीथोडी होते, बॅटरी तळाला जात नाही. रोज संध्याकाळी तिच्यावर अख्खं घर चालवायचं, तर हिशेब वेगळा.

खरी मेख निराळी आहे. गाडी, चार्जर आणि वीज कंपनी, तिघांचीही तयारी लागते. गाडीच्या सॉकेटवर मिक्सर चालतो, म्हणून ती ग्रिडलाही वीज देईल असं नव्हे. आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.