एक बंद करून बघितलास का?

राहुरी

चि. पिंट्यास अनेक आशीर्वाद.

परवा वहिनीचा फोन आला. कोपरगावच्या साखरपुड्यात तू चार माणसांत म्हणालास म्हणे, "आता आमचा एक सर्व्हर मेला तरी दूध संघाला पत्ता लागायचा नाही." ऐकून बरं वाटलं. पण पुढचं ऐकलं आणि माझी झोप उडाली. तू उशाशी लॅपटॉप घेऊन झोपतोस, सकाळचं दूध संकलन सुरू व्हायच्या आत उठून बसतोस आणि पासवर्ड तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाहीत. ज्याचा भरवसा पक्का, तो असा झोपतो का रे? म्हणून एकच विचारते. दोनपैकी एक सर्व्हर तू स्वतःहून कधी बंद करून बघितलास का?

आपल्या घराला दुधाचा पैसा म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. दहा दिवसांचं बिल अडलं की पेंडवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांसमोर मान खाली. तेव्हा बढाया पुरे.

लोणीला पोरांना कॉम्प्युटर शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला गुंडाळू नकोस. पुढे भार वाटून देणारा बॅलन्सर एचएप्रॉक्सी, मागे दोन सर्व्हर, इथवर ठीक. पण हेल्थ चेक कुठल्या पानाला लावलास? नुसत्या लॉगिनच्या पानाला असेल, तर त्या सर्व्हरचा डेटाबेसशी संबंध तुटला तरी ते पान खुशाल उघडेल आणि बॅलन्सर माणसं तिकडेच धाडत बसेल. डेटाबेसला विचारून उत्तर देणारं एक छोटं पान कर, चेक त्याला लाव. सेशन कुठे ठेवलेत? ज्याच्या त्याच्या मेमरीत असतील, तर एक पडताच निम्म्या केंद्रांवरचे सेक्रेटरी दुधाचे फॅट-एसएनएफ भरता भरता लॉगआउट होतील, आणि दारात कॅन घेऊन रांग. ते रेडिससारख्या सामाईक जागी ठेव. आणि पुढचा एचएप्रॉक्सी एकटाच ना? मग मागे दोन असून उपयोग काय? त्यालाही जोडीदार दे. कीपअलाइव्हड लावलास तर आयपी तीन-चार सेकंदांत दुसऱ्याकडे जातो. दोघांना एकाच यूपीएसवर मात्र बसवू नकोस, आपल्याकडची वीज तुला माहीत आहे.

साधा हिशेबही मांड. संध्याकाळच्या गर्दीत मागच्या दोन्ही सर्व्हरवर 70-70 टक्के भार असेल, तर एक गेल्यावर दुसऱ्याने 140 कुठून पेलायचा? तोही बसणार. 16 जुलै 2021 ला दहावीचा निकाल लागला, तेव्हा राज्यभरातली पोरं एकदम तुटून पडली आणि संकेतस्थळं कित्येक तास उघडेनात, आठवतंय ना?

हे सगळं कागदावर तुला येतंच. माझा प्रश्न तोच, बंद करून बघितलास का? गिटहबसारख्या कंपनीचं नेटवर्क 21 ऑक्टोबर 2018 ला अवघे 43 सेकंद तुटलं. तेवढ्यात डेटाबेसचा कारभार आपोआप अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या सर्व्हरकडे गेला, दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी राहिल्या आणि सगळं जुळवून पूर्ववत व्हायला 24 तासांवर वेळ गेला. तिथे फेलओव्हर झाला, आणि तोच अंगाशी आला. तू तर अजून तो होताना पाहिलेलाही दिसत नाहीस.

तेव्हा दुपारी, दोन संकलनांच्या मधल्या वेळात, संघाला आधी कळवून एकाची वायर काढ. किती सेकंदांत काय झालं, ते लिहून ठेव. मग परत जोड आणि तो नीट सामील होतो का बघ. बरेचदा घोळ तिथेच होतो. पुढच्या खेपेला हे तुझ्या हाताखालच्या मुलीला करू दे आणि तू खाली चहाला जा. पासवर्ड दोघांकडे असू देत.

फार बोलले का? राग मानू नकोस. आमच्या लॅबचा सर्व्हर सुरू करायची रीत माझ्या एकटीला माहीत होती, आणि त्याचा मला तोरा होता. एका वर्षी तुझे आजोबा, आपले आबा, म्हणाले, रंगपंचमीला मढीला जाऊ, तू चल बरोबर. प्रॅक्टिकल तोंडावर होती, मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी आबांना गड चढवेना. कानिफनाथांचं दर्शन मी नंतर घेतलं, पण आबांबरोबरचं राहिलं ते राहिलंच. वहिनीचं, तुझ्या आईचं, तुझ्याबरोबरचं तसं काही राहून जाऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

तू हुशार आहेस, आबांच्या वळणावर गेला आहेस. वहिनीने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे. वायर काढून झाली की शनिवारी ये. लॅपटॉप आणलास तरी चालेल, मी काही बोलणार नाही. आणि पडलंच सगळं बंद, तर पडू दे रे. दुधाचे हिशेब वहीत लिहिणाऱ्या घरातली पोरं आपण. दोन दिवस वहीवर काढू. तू जेवत जा वेळेवर.

तुझी
आत्या