नासिकाकोटरें व दुर्बिणीची शस्त्रक्रिया

गतवर्षीं आमच्या नववीच्या वर्गांत एक विद्यार्थी बारमाही पडशानें बेजार असे. तो तोंडानें श्वास घेई आणि खालीं वांकला कीं कपाळ धरी. त्यास आळशी समजून आम्ही दोनचार वेळां रागें भरलों, हें येथें कबूल करणें भाग आहे. पुढें डॉक्टरांनीं नाकाची शस्त्रक्रिया सांगितली, तेव्हां त्याची आई घाबरून आमच्याकडे आली. "मास्तर, लेकराचं तोंड चिरतेत का हो?" असें तिनें विचारिलें. तिला दिलेलें उत्तर इतर पालकांसही उपयोगी पडेल, म्हणून जरा विस्तारानें लिहितों.

चेहऱ्याच्या हाडांत नाकाभोंवतीं हवेनें भरलेल्या पोकळ्या असतात. कांहीं गालांत, कांहीं कपाळांत, कांहीं दोन डोळ्यांच्या मध्यें, तर कांहीं अगदीं खोल. यांस नासिकाकोटरें किंवा सायनस म्हणतात. गालांतील कोटर पाहिलें कीं आपल्याकडील जुनें ज्वारीचें पेव आठवतें. पोट मोठें, तोंड लहान, आणि तेंही वरच्या बाजूस! मग आंतील श्लेष्मा बाहेर पडतो कसा? कोटराच्या अस्तरावर डोळ्यांस न दिसणारे असंख्य केस असतात. ते सेकंदास दहापंधरा वेळां हलतात व, हातोहात टोपल्या चढविणाऱ्या मजुरांप्रमाणें, श्लेष्मा त्या वरच्या दाराकडेच नेतात. दार सुजून बंद झालें म्हणजे माल आंत सडूं लागतो. हा त्रास १२ आठवडे टिकला कीं त्यास जुनाट म्हणतात.

पूर्वीं अमेरिकेंतील कॉल्डवेल यांनीं १८९३ सालीं व पॅरिसच्या ल्यूक यांनीं १८९७ सालीं सांगितलेल्या रीतीनें शस्त्रक्रिया होत असे. वरच्या ओठाखालीं छेद घेऊन हाड फोडीत, कोटर खरवडीत, आणि तळाशीं नाकांत दुसरें भोंक पाडीत. पाणी उताराकडे धांवतें, हा त्यांतील न्याय. परंतु ते केस नवें भोंक ओलांडून श्लेष्मा जुन्या दाराकडेच नेत! ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील मेसरक्लिंगर यांनीं श्लेष्म्याचे हे मार्ग चिकाटीनें अभ्यासिले व १९७८ सालीं ग्रंथरूपानें मांडिले. हॉपकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाची बारीक दुर्बीण तोंवर हातीं आलीच होती.

तेव्हां आतां नवें भोंक न पाडतां मूळचें दारच मोकळें करितात. बहुधा पूर्ण भूल देऊन सुमारें ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडींतून घालतात, दाराशीं अडथळा करणारें मांस व हाडाचे पातळ पापुद्रे काढतात, आणि चांगलें अस्तर शक्य तितकें राखतात. चेहऱ्यावर छेद नाहीं. कांहीं रोग्यांत तर लहानसा फुगा फुगवून दार रुंद केलें जातें.

म्हणून ही गोष्ट क्षुल्लक मात्र नव्हे. पातळ हाडापलीकडे डोळा व मेंदू आहेत. यासाठीं आधीं सी. टी. स्कॅन काढून वाट पाहून घेतात. शिवाय पहिला उपाय शस्त्र नव्हेच. उकळून निवविलेल्या मिठाच्या पाण्यानें नाक धुणें व डॉक्टरांनीं दिलेला फवारा नेमानें वापरणें, यांवर पुष्कळांचें भागतें. लहान मुलांत नाकामागील वाढलेली गांठ हेंच कित्येकदां मूळ असतें. आणि प्रत्येक डोकेदुखी सायनसची नसते. आम्ही स्वतः दोन वर्षें ज्यास सायनस म्हणत होतों, तें चष्म्यानें गेलें.

आमच्या विद्यार्थ्याची शस्त्रक्रिया नांदेडास झाली. पुढें कित्येक आठवडे नाक धुणें व खपल्या काढवून घेणें चाललें होतें, आणि त्यास तो फार कंटाळे. आतां तो तोंड मिटून झोंपतो, असें आई सांगते. कापूस वेचणीच्या दिवसांत शिंका अजूनही येतात, कारण धुळीचें वावडें शस्त्रानें जात नाहीं. फवारा चालूच आहे.